कोळसा गेला, सायकली आल्या; पुढे काय?

आग्नेय ओहायोतल्या अथेन्स काउंटीत चान्सी नावाचं जेमतेम हजार वस्तीचं गाव आहे. कोळशाच्या खाणींवर हा सगळा पट्टा वाढला आणि खाणी बंद झाल्यावर ओसरत गेला. आता या गावाला लागून, वेन राष्ट्रीय वनाच्या टेकड्यांमध्ये, ‘बेलीज ट्रेल सिस्टिम’ या माउंटन बाइकच्या वाटा तयार होत आहेत. आराखडा ८८ मैलांचा आहे आणि त्यातल्या बऱ्याच वाटांवर सायकली धावूही लागल्या आहेत.

‘कोळसा गेला, सायकली आल्या, गाव तरलं’ ही गोष्ट सांगायला सोपी आहे. मला या वाटा हव्याच आहेत. पण खाणीने दिलेला पगार त्या देतील, अशी आशा गावाला दाखवणं चूक आहे. आणि वाटांवर खर्च करताना खाणींनी बिघडवलेलं पाणी विसरणं ही त्याहून मोठी चूक आहे.

आधी पाण्याबद्दल. चान्सीपाशी संडे क्रीक हा ओढा हॉकिंग नदीला मिळतो. याच ओढ्याच्या काठी वरच्या अंगाला मिलफील्ड आहे. तिथल्या खाणीत ५ नोव्हेंबर १९३० रोजी स्फोट होऊन ८२ माणसं गेली. ओहायोच्या इतिहासातला तो सर्वांत भीषण खाण अपघात. खाणी थांबल्या तरी त्यांची रसायनं थांबली नाहीत. कोळशासोबत पायराइट, म्हणजे लोह आणि गंधक यांचं खनिज असतं. रिकाम्या बोगद्यांत पाणी आणि हवा शिरली की त्यापासून गंधकाम्ल तयार होतं आणि लोह विरघळतं. हे पाणी उघड्यावर आलं की लोह गंजासारखं खाली बसतं. ओढ्याचा तळ नारिंगी होतो, किडे मरतात, मग मासेही राहत नाहीत. चान्सीच्या वर ट्रूटाउन इथे असं पाणी मिनिटाला सुमारे हजार गॅलन बाहेर पडतं.

ओहायो विद्यापीठातले अभियंते गाय रीफलर आणि चित्रकार जॉन सॅब्रॉ यांनी या गाळातूनच रंग काढून दाखवला. आपला गेरू म्हणजेही लोह ऑक्साइडच. पाण्यात हवा मिसळून आम्लता कमी केली की लोह वेगळं होतं. ते सुकवून भाजलं की तापमानाप्रमाणे पिवळा, लाल, जांभळट अशा छटा मिळतात. गॅम्ब्लिन कंपनीने असे तैलरंग बाजारात आणले. आता ‘रुरल अ‍ॅक्शन’ या स्थानिक संस्थेने ट्रूटाउनला मोठा प्रकल्प हाती घेतला आहे. रंग विकून शुद्धीकरणाचा खर्च भागवावा, अशी त्यामागची कल्पना आहे.

आता वाटांचं गणित. चांगली वाट बांधणं म्हणजे पाणी वळवणं. वाटेचा चढ टेकडीच्या उताराच्या निम्म्याहून जास्त असू नये, असा एक ढोबळ नियम आहे. जास्त झाला तर पाणी वाट ओलांडून जाण्याऐवजी वाटेवरूनच धावतं आणि घळ पडते. पर्यटकांच्या पैशाचंही तसंच आहे. कोलंबसहून दीड तासात कोणी आलं, घरून आणलेला डबा खाल्ला, सायकल चालवली आणि संध्याकाळी परत गेलं, तर गावात काय उरलं? पैसा थांबायला राहण्याची जागा, जेवणाचं ठिकाण, दुरुस्तीचं दुकान लागतं, आणि त्यांचे मालक गावातले असावे लागतात.

शेजारच्या वेस्ट व्हर्जिनियात २००० साली सुरू झालेल्या हॅटफील्ड-मकॉय वाटांवर सायकली नव्हे, चारचाकी मोटारगाड्या फिरतात. तिथल्या अनेक गावांनी त्या गाड्यांना रस्त्यावर यायची परवानगी दिली, म्हणून पर्यटक दुकानांपर्यंत पोचतात. मोटेलं, छोटे धंदे सुरू झाले. तरीही या वाटा ज्या मॅकडॉवेल काउंटीतून जातात, तिची लोकसंख्या १९५० मध्ये ९८ हजारांवर होती आणि २०२० मध्ये १९ हजारांच्या आसपास उरली. वाटांनी हातभार लावला, पण ओसरण थांबली नाही.

मग वाटा कशाला, असं कोणी म्हणेल. कारण त्या गावकऱ्यांच्याही आहेत. ज्या टेकड्यांवर एकेकाळी कंपनीची मालकी होती, तिथे आज मुलं फुकट सायकल चालवतात. याची किंमत केवळ किती नोकऱ्या आल्या यावर ठरू नये.

हा प्रश्न आपल्या विदर्भापर्यंत पोचतो. वेस्टर्न कोलफील्ड्सने सावनेरला इको-पार्क आणि खाण पर्यटन सुरू केलं आहे. चंद्रपूर, वणीच्या खाणीही कधीतरी संपतील. भारतात २००९ पासून कोळसा खाण बंद करण्याचा आराखडा आणि त्यासाठी वेगळ्या खात्यात पैसे ठेवणं बंधनकारक आहे. अमेरिकेत असा कायदा १९७७ मध्ये आला. त्याआधी सोडून दिलेल्या खाणींची सफाई अजून चालू आहे आणि त्यासाठी २०२१ मध्ये आणखी ११.३ अब्ज डॉलर मंजूर करावे लागले. बाग, नौकाविहार, सायकलवाट यांचं उद्घाटन जरूर व्हावं. पण शेजारच्या विहिरीच्या आणि नाल्याच्या पाण्याचा तपासणी अहवालही त्याच दिवशी गावासमोर ठेवावा.