दुखण्यावरची गोळी आणि उशिरा उठणारं पुरळ

डोंबिवली-कल्याणहून ठाण्या-मुंबईला रोज लोकलने जाणाऱ्या बायकांच्या पर्समध्ये पास, कंगवा, सेफ्टी पिना आणि दुखण्यावरची एखादी गोळी असायचीच. पाळीत ओटीपोट दुखलं की शेजारची म्हणते, ‘घे गं मेफ्टाल.’ आणि आपण घेतोही.

या गोळीत मेफेनॅमिक ॲसिड असतं. २०२३ च्या अखेरीस इंडियन फार्माकोपिया कमिशनने त्याबद्दल सावधगिरीची सूचना काढली. क्वचित कुणाला त्याने ‘ड्रेस’ नावाची तीव्र ॲलर्जी होते. ताप येतो, अंगभर पुरळ उठतं, गळ्याशी-काखेत गाठी सुजतात, लिव्हर-किडनीलाही इजा पोचते. घाबरू नका, पण यातली गोम ओळखा. हे पुरळ लगेच उठत नाही, दोन ते आठ आठवड्यांनी उठतं! तोवर गोळी विसरलेली असते. मग घामोळं समजून आपण पावडर लावतो, आणि तापासाठी पुन्हा तीच गोळी घेतो. म्हणून दुधाचा हिशेब लिहितो त्याच कॅलेंडरवर गोळीचं नाव लिहून ठेवा. ताप आणि पुरळ एकदम आले तर गोळी बंद करून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि ते नावही सांगा.

नेहमी होणारा त्रास मात्र पोटाचा. मेफेनॅमिक ॲसिड, आयब्रुफेन, डायक्लोफेनॅक उपाशीपोटी घेऊ नका. चतुर्थीच्या उपासालाही आधी काहीतरी खाऊन घ्या. डांबरासारखी काळी शी किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी झाली, तर पोटात रक्तस्राव होत असेल. लगेच हॉस्पिटल गाठा. पाय सुजले, लघवी कमी झाली तरी थांबू नका. अल्सर, दमा, बी.पी., किडनीचा विकार असेल किंवा दिवस गेले असतील, तर या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोतच.

पॅरासिटामॉल पोटाला सोसतं, पण जास्त झालं तर लिव्हरला बाधतं. धडधाकट मोठ्या माणसानेही २४ तासांत ४ ग्रॅमच्या, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्यांच्या वर जाऊ नये. सर्दीच्या गोळीतही बरेचदा तेच असतं, तेही मोजा.

ओठ-चेहरा सुजला, धाप लागली, तर सरळ १०८ ला फोन करा.

आणि हो, केमिस्ट दोनच गोळ्या कापून देतो तेव्हा नाव आणि तारखेची बाजू मागून घ्या. औषधाचा त्रास झाला तर १८००-१८०-३०२४ या सरकारी नंबरवर कळवता येतं. फोन फुकट आहे, आणि तुमच्या एका तक्रारीने दुसरी एखादी वेळीच सावध होईल.