रोलिंग मशीन घेण्यापूर्वी कामाची वही उघडा

नागपूरहून अमरावती रस्त्याने निघाले की अंबाझरीच्या आयुध निर्माणीच्या शेजारी वाडी लागते. ट्रान्सपोर्टची गोदामे, ट्रकांच्या रांगा आणि त्यांच्या अधूनमधून वेल्डिंगच्या ठिणग्या उडणारी लहान लहान वर्कशॉप, असे या गावाचे रूप आहे. हिंगण्याची एमआयडीसी जवळच आहे. या पट्ट्यात आपल्या अनेक कारागीर बंधूंनी एका वेल्डिंग मशीनवर धंदा सुरू केला आणि आज ते टाक्या, चिमण्या, हॉपर, जिनिंगचे सायक्लोन बनवून देतात. धंदा थोडा वाढला की प्रत्येकाच्या मनात एकच विचार येतो. दुसऱ्याच्या दारात प्लेट घेऊन किती दिवस जायचे? आता स्वतःचे रोलिंग मशीन हवे.

विचार चुकीचा नाही. सपाट प्लेट रोलांमधून फिरवून गोल करणारे हे मशीन म्हणजे टाकी बनवणाऱ्याचा उजवा हात. परंतु ते घेताना आपण पहिला प्रश्न विचारतो तो असा : "किती एमएमचे आहे?" आणि पुष्कळदा सौदा त्याच एका उत्तरावर ठरतो. माझे मत असे की, लहान वर्कशॉपने जाडीच्या मोठ्या आकड्यामागे धावू नये. आपल्या रोजच्या कामाच्या मापाचे, पण प्लेटची टोकेसुद्धा वाकवणारे मशीन घ्यावे. वर्षातून चार वेळा येणारे जाड काम खुशाल बाहेरून करून आणावे.

हे मत पुस्तकातून आलेले नाही. सुरुवातीच्या काळात मी एक जुने मशीन घेतले. विकणाऱ्याने "बारा एमएम आरामात" असे सांगितले होते. पहिलेच मोठे काम बारा एमएमच्या दोन मीटर रुंद प्लेटचे आले. मशीनने प्लेट ओढली खरी, पण शेल बाहेर आले ते ढोलकीसारखे : दोन्ही कडांना बरोबर आणि मध्ये फुगलेले. गिऱ्हाइकाने माल नाकारला, ॲडव्हान्स परत करावा लागला. पुढे कळले की बारा एमएमचा तो आकडा सव्वा मीटर रुंदीचा होता. विकणारा पूर्ण खोटे बोलला नव्हता. मी पूर्ण प्रश्न विचारला नव्हता.

आकड्यामागचा हिशोब

प्लेट वाकवायला लागणारा जोर जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. म्हणजे १० एमएमला जेवढा जोर लागतो, त्याच्या जवळजवळ दीडपट १२ एमएमला लागतो आणि ८ वरून १२ वर गेलो तर सव्वादोनपट. रुंदी दुप्पट झाली की जोरही दुप्पट. म्हणून जाडी आणि रुंदी हे दोन आकडे नेहमी जोडीने विचारावेत.

तिसरा आकडा पोलादाच्या ताकदीचा. आपण बाजारातून जी साधी एम.एस. प्लेट आणतो, ती आयएस २०६२ मधल्या ई २५० ग्रेडची असते. अलीकडे मोठ्या कारखान्यांच्या कामात ई ३५० प्लेट मागितली जाते. ती वाकवायला त्याच जाडीत सुमारे १.४ पट जोर लागतो. याचा अर्थ, साध्या प्लेटसाठी १२ एमएमचे असलेले मशीन ई ३५० साठी जेमतेम १० एमएमचे उरते. स्टेनलेस स्टीलची गोष्ट आणखी वेगळी. ते वाकवता वाकवता कडक होत जाते आणि सोडले की जास्त मागे उघडते.

चौथा आकडा वरच्या रोलच्या व्यासाचा. साधारणपणे त्या व्यासाच्या दीडपटीपेक्षा लहान गोल करता येत नाही आणि प्लेट पूर्ण जाडीची असेल तर गोल त्याहूनही मोठा ठेवावा लागतो. वरचा रोल २५० एमएमचा असेल तर ३०० एमएमचा पाइप त्यावर होणार नाही. जाड काम मिळेल म्हणून मोठे मशीन घेतले आणि रोजचे लहान पाइपचे काम हातचे गेले, असे घडते ते यामुळेच.

मोठ्या मशीनचा आणखी एक दोष आहे. भार आल्यावर रोल मध्ये झुकतात, म्हणून ते मुळातच मध्ये किंचित फुगीर घासलेले असतात. त्यावर पातळ पत्रा घातला तर रोल झुकत नाहीत, फुगवटा तसाच राहतो आणि शेल डमरूसारखे मध्ये आवळलेले निघते. जास्त जाडीवर ढोलकी, कमी जाडीवर डमरू. तीन एमएमचे सायक्लोन करणाऱ्याला वीस एमएमचे मशीन म्हणूनच उपयोगाचे नाही.

खरे नुकसान टोकांत आहे

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडे जास्त दिसते ते तीन रोलचे पिरॅमिड मशीन : खाली दोन रोल, वर मधोमध एक. स्वस्त, साधे, कोणत्याही मिस्त्रीला उघडता येणारे. पण वरचा रोल खालच्या दोघांच्या मध्ये असल्यामुळे प्लेटची दोन्ही टोके न वाकता सपाटच राहतात. खालच्या रोलांच्या मध्यांतील अंतराच्या सुमारे निम्मा भाग दरेक टोकाला सपाट राहतो असे धरावे.

एक उदाहरण घेऊ. आतून १२०० एमएम व्यासाचे, १० एमएम जाडीचे, १५०० एमएम उंचीचे शेल करायचे आहे. प्लेटची लांबी काढताना व्यासात एक जाडी मिळवायची : १२१० गुणिले ३.१४१६, म्हणजे ३८०१ एमएम. वजन सुमारे ४४८ किलो. मशीनच्या खालच्या रोलांत ३०० एमएम अंतर असेल तर दोन्ही टोकांना १५०-१५० एमएम सपाट राहणार. ते कापून टाकायचे तर प्लेट ३०० एमएम जास्त घ्यावी लागते. त्या जादा तुकड्याचे वजन ३५ किलो. दर शेलमागे आठ टक्के माल भंगारात गेला. महिन्याला वीस शेल होत असतील तर ७०० किलो आणि वर्षाला जवळजवळ साडेआठ टन! प्लेट आपण नव्या मालाच्या भावाने आणतो आणि ही टोके भंगाराच्या भावाने विकतो. दोन्ही भावांतला फरक आपापल्या बाजारभावाने गुणून पाहावा. शिवाय गॅस कटिंगचा खर्च आणि मजुराचे तास आहेतच.

यावर जुने कारागीर म्हणतील, "कापायचे कशाला? टोके आधी घणाने किंवा प्रेसवर वाकवून घ्यावीत." बरोबर आहे. महिन्याला दोन-तीन शेल असतील तर मीही तेच सांगेन. अशा वर्कशॉपला पिरॅमिड मशीन पुरते. जाड प्लेटचे मोठे गोल आणि मोजके नग असतील तरी ते पुरते. पण रोजचे काम असेल तेव्हा घणाने ठोकलेले टोक ना धड गोल होते, ना सारखे होते. शिवणीपाशी उंचवटा राहतो आणि तिथेच वेल्डरचा वेळ जातो. पेट्रोलियमच्या किंवा दाबाखालच्या टाक्यांना तर पेसो या केंद्रीय संस्थेचे नियम लागू होतात. त्या संस्थेचे मुख्य कार्यालय आपल्या नागपुरातच आहे. तसल्या कामात गोलाई मोजून घेतली जाते. डोळ्यांनी बरी दिसली एवढ्यावर भागत नाही.

म्हणून पिंच पद्धतीचे मशीन पाहावे. त्यात दोन रोल प्लेटला चिमटीत धरतात आणि तिसरा टोक वाकवतो. साध्या पिंच मशीनमध्ये एक टोक वाकवल्यावर प्लेट काढून, उलटी फिरवून दुसरे टोक वाकवावे लागते. दोन्ही बाजूंनी पिंच करणाऱ्या हायड्रॉलिक मशीनमध्ये ही खटपट वाचते. चार रोलचे मशीन त्याहून सोयीचे : प्लेट एकदा घातली की बाजूच्या रोलला टेकवून सरळ करता येते आणि दोन्ही टोके न काढता वाकतात. पण त्याची किंमत लहान वर्कशॉपला झेपणारी नसते आणि दिवसभर त्याला पुरेल एवढे काम नसेल तर ते शोभेचेच ठरते. एक गोष्ट मात्र विसरू नये. टोके वाकवण्याची क्षमता रोलिंगच्या क्षमतेपेक्षा कमी असते. ते दोन आकडे विक्रेत्याकडून वेगवेगळे लिहून घ्यावेत. काही भाग सपाट राहतोच. तो किती, हेही विचारावे.

वही काय सांगते

मशीन पाहायला बटाल्याला, राजकोटला किंवा अहमदाबादला जाण्यापूर्वी गेल्या बारा महिन्यांची कामाची वही उघडावी. प्रत्येक कामापुढे जाडी, रुंदी, व्यास, ग्रेड आणि नग लिहावेत. पाचपैकी चार कामे ज्या मापात बसतात, ते आपल्या मशीनचे माप. उरलेले एक काम बाहेर पाठवावे. मग रोलिंगसाठी दुसऱ्याला दिलेली बिले, नेण्या-आणण्याचे भाडे आणि वाट पाहण्यात गेलेले दिवस यांची बेरीज करावी. त्या बेरजेतून मशीनची किंमत चार-पाच वर्षांत सुटत नसेल, तर मशीन हवे की केवळ मशीन असल्याचा मान हवा, हा प्रश्न स्वतःलाच विचारावा.

जुने मशीन घेणाऱ्याने आपली प्लेट आणि आपला टेप बरोबर न्यावा. पूर्ण रुंदीची प्लेट गोल करून डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे घेर मोजावा. तिन्ही आकडे जुळले तर रोल ठीक समजावेत. रोलवर तडे, खोल ओरखडे, बुशमधला ढिलेपणा, गिअर बॉक्सचा आवाज, सिलिंडरमधून गळणारे तेल हे सारे रिकाम्या मशीनवर नव्हे, भार असताना पाहावे. शेल पूर्ण गोल झाल्यावर ते बाहेर काढायला वरच्या रोलचे एक टोक उघडावे लागते. ते सहज उघडते का, हेही तपासावे. आणि आपल्या वीज जोडणीचा मंजूर भार मोटरच्या हॉर्सपॉवरला पुरेसा आहे का, हे मशीन दारात येण्यापूर्वी पाहावे, नंतर नव्हे.

पैशाची सोय

आपल्या वाचकांपैकी अनेकजण व्याजाच्या कर्जाला हात लावत नाहीत. त्यामुळे रोख पैशात मिळेल तेवढे घ्यायचे आणि त्यातल्या त्यात मोठे दिसेल ते घ्यायचे, अशी पद्धत पडली आहे. जुनाट मोठी पिरॅमिड मशीन आपल्याकडे येतात ती अशी. याला दुसरा मार्ग आहे. शेजारच्या दोन-तीन वर्कशॉपनी मिळून एक चांगले पिंच मशीन घ्यावे. एकाचे मशीन रोज तासभर चालते आणि उरलेला दिवस झाकून ठेवलेले असते, तिथे तिघांचे काम सहज निभावते. मात्र सारे कागदावर असावे : कोणाचा हिस्सा किती, कोणाचा दिवस कोणता, रोल खराब झाला तर खर्च कोणाचा, बाहेरचे जॉबवर्क घेतले तर पैसे कसे वाटायचे आणि कोणी बाहेर पडला तर त्याच्या हिश्शाची किंमत कशी ठरणार. भाऊबंदकीत मशीन बंद पडते ते तोंडी बोलीमुळे. मशीन कोणाच्या नावावर राहील हेही आधी ठरवावे, कारण नियमित जीएसटी भरणाऱ्याला मशीनवरचा कर वळता करून घेता येतो.

शेवटी एक गोष्ट, जी किमतीच्या यादीत लिहिलेली नसते. रोल हळू फिरतो, म्हणून त्याची भीती वाटत नाही. हातमोज्याचे टोक प्लेटबरोबर आत ओढले गेले की हात सोडवायला तेवढाही वेळ मिळत नाही. मशीनभोवती कुठूनही ओढता येईल अशी थांबवण्याची दोरी आणि पायाशी बंद करण्याची पट्टी असल्याशिवाय सौदा पुरा करू नये. रोलपाशी सैल कपडे आणि मोजे नकोत, आणि उंच शेल गोल होताना वरून आधार द्यायला क्रेन किंवा चेन ब्लॉक हवा. गॅसने कापलेल्या कडा आधी ग्राइंडरने घासाव्यात, म्हणजे रोलही वाचतो आणि प्लेट कडेला तडकत नाही.

आमच्या त्या ढोलकीच्या आकाराच्या शेलचा एक तुकडा मी बरीच वर्षे वर्कशॉपच्या दारात ठेवला होता. मशीन घेणार म्हणून सल्ला विचारायला कोणी आले की मी आधी तो दाखवायचो आणि मग विचारायचो, "भाई, वही आणली का?"