आराखडा कोणाचा, नगर कोणाचे?

शहराच्या पुढील वीस वर्षांचा विचार तज्ज्ञांनी करावा. नगरसेवकाने नळ, गटारे आणि दिवाबत्ती पाहावी, असा शहाजोग उपदेश वारंवार ऐकू येतो. तो वरकरणी व्यवहारी वाटतो. परंतु त्यामागे जनतेला जमिनीच्या प्रश्नापासून दूर ठेवण्याचा डाव आहे.

विकास आराखडा म्हणजे रंगीत नकाशा नव्हे. कोणत्या भूखंडावर शाळा, कोठे दवाखाना, कोठे क्रीडांगण, याचा तो निवाडा असतो. खाजगी मालकीवर समाजाने सांगितलेला तो हक्क असतो. परंतु १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाचे कलम १२७ काय सांगते? आरक्षित जमीन दहा वर्षांत संपादन झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. आणि त्यानंतरच्या ठरावीक मुदतीतही पालिका हलली नाही, तर आरक्षणच संपुष्टात येते. म्हणजे मैदान गिळण्यासाठी दंडेलीची गरज नाही, पालिकेने स्वस्थ बसणे पुरेसे आहे! भूसंपादनाची तरतूद ज्या अंदाजपत्रकात व्हायची, ते मंजूर करणारा नगरसेवक नियोजनाबाहेरचा कसा?

पुण्याचा अनुभव बोलका आहे. १९८७ च्या आराखड्याची मुदत २००७ साली सरली. सुधारित प्रारूप २०१३ मध्ये लोकांपुढे आले, हजारो हरकती आल्या, आणि मार्च २०१५ मध्ये राज्य शासनाने ते महापालिकेच्या हातून काढून अधिकाऱ्यांच्या समितीकडे सोपवले. विलंबाचा दोष नगरसेवकांकडे जातोच. तो झाकण्याचे कारण नाही. परंतु उंदीर झाले म्हणून घरालाच आग लावायची काय? अधिकाऱ्याची बदली होते. त्याला मतदारांपुढे उभे राहावे लागत नाही.

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने महानगर नियोजन समितीत किमान दोन तृतीयांश सदस्य स्थानिक लोकप्रतिनिधींनी आपल्यातूनच निवडून द्यावेत, असे सांगितले. प्रत्यक्षात मार्च २०२२ मध्ये मुंबई-पुण्याच्या सभागृहांची मुदत संपली आणि कारभार वर्षानुवर्षे प्रशासकांच्या हाती राहिला. घटनेचा याहून मोठा उपहास कोणता?

दोष केवळ शासनाला देऊन भागणार नाही. आपले कार्यकर्तेही नगरसेवकाला नळजोडणीचा मुकादम समजतात. यापुढे प्रत्येक शाखेने आपल्या प्रभागातील आरक्षित भूखंडांची यादी करावी, प्रत्येकाच्या दहा वर्षांची तारीख लिहून ठेवावी आणि ती उलटण्यापूर्वी नगरसेवकाला सभागृहात प्रश्न विचारावयास भाग पाडावे. जो नगरसेवक हे करणार नाही, त्याच्याकडून मतदारांनी पाच वर्षांचा हिशेब मागावा. मग तो आपल्या पक्षाचा का असेना!