पथ्य दोन दिवसांचे, हिशेब तीन महिन्यांचा

साखर तपासायची तारीख जवळ आली की अनेक घरांत दोन दिवस चहा बिनसाखरेचा होतो, भाताची जागा भाकरी घेते आणि संध्याकाळचा फेरफटका सुरू होतो. उपाशीपोटीचा आकडा बरा येतो. मग तिसऱ्या दिवशी सगळे पूर्ववत. असा आकडा घरच्यांचे समाधान करतो, पण रक्तवाहिन्यांना त्याचा काहीही उपयोग नसतो.

रक्तवाहिनीच्या आत जेमतेम एका पेशीच्या जाडीचे अस्तर असते. रक्ताच्या दाबाने आणि घर्षणाने ते सतत झिजते. शेजारच्या पेशी वाढून ही झीज भरून काढतात, शिवाय रक्तातून फिरणाऱ्या काही पेशीही मदतीला येतात. १९९७ मध्ये ताकायुकी असाहारा आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात अशा पेशींचे वर्णन केले. त्यांना ‘एंडोथेलियल प्रोजेनिटर’ पेशी म्हणतात. यांतल्या बऱ्याच पेशी स्वतः अस्तर बनत नाहीत, तर वाढीला चालना देणारी द्रव्ये सोडतात, असे पुढे लक्षात आले. थोडक्यात, काही पेशी गवंड्याचे काम करतात, तर काही मुकादमाचे.

मधुमेहात ही सगळी टोळीच मोडकळीला येते. दीर्घकाळ वाढलेल्या साखरेमुळे अस्थिमज्जेतल्या बारीक रक्तवाहिन्या आणि चेतातंतू बिघडतात, त्यामुळे तिथून पेशी पुरेशा बाहेर पडत नाहीत. जखमेकडून येणारी रासायनिक हाकही क्षीण होते. ज्या पेशी पोहोचतात, त्या नीट चिकटत आणि वाढत नाहीत. २००२ मध्ये ‘सर्क्युलेशन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात टाइप २ मधुमेहींच्या या पेशी प्रयोगशाळेत कमी वाढल्या. ज्यांचे एचबीएवनसी जास्त, त्यांच्या पेशींची वाढ आणखी कमी. पायाची साधी जखम मधुमेहींमध्ये चिघळत राहते, त्यामागच्या अनेक कारणांपैकी हे एक.

साखर आटोक्यात आल्यावर या पेशींची संख्या सुधारते, असे काही लहान अभ्यासांत दिसले आहे. पण उशीर महाग पडतो. अमेरिका आणि कॅनडात टाइप १ मधुमेहाच्या १,४४१ रुग्णांवर झालेला ‘डीसीसीटी’ हा अभ्यास १९९३ मध्ये संपला. त्यानंतर दोन्ही गटांची साखर जवळपास सारखी झाली. तरीही आधीची साडेसहा वर्षे कडक नियंत्रणात राहिलेल्या गटाला हृदयविकार आणि पक्षाघाताचा त्रास पुढे कित्येक वर्षे कमी झाला. शरीर चांगले दिवस लक्षात ठेवते, तसे वाईटही.

म्हणून भर द्यायला हवा तो निदानानंतरच्या पहिल्या वर्षांवर. आयसीएमआर-इंडियाब अभ्यासानुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. त्यांतल्या अनेकांची देखरेख अजून उपाशीपोटीच्या एका आकड्यावर चालते. एचबीएवनसी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, दोन दिवसांच्या पथ्याने ती बदलत नाही. रक्तक्षय असेल तर तिचा आकडा फसवा ठरू शकतो, एवढे डॉक्टरांच्या कानावर घालावे. ही तपासणी महाग वाटते खरी, पण चिघळलेल्या पायाच्या उपचारांपुढे तो खर्च काहीच नाही. सरकारी दवाखान्यांत ती नियमित आणि मोफत व्हावी, ही मागणी अवाजवी नाही.

कडक नियंत्रण म्हणजे साखर वाटेल तितकी खाली ओढणे मात्र नव्हे. ‘अकॉर्ड’ अभ्यासात हृदयविकाराचा धोका असलेल्या टाइप २ रुग्णांची साखर फार कमी करण्याचा प्रयत्न झाला. त्या गटात मृत्यू जास्त झाल्याने तो भाग २००८ मध्ये थांबवावा लागला. वय, इतर आजार आणि साखर एकदम उतरण्याचा धोका पाहून लक्ष्य डॉक्टरांनीच ठरवायचे असते.

घरच्यांच्या हातात एक गोष्ट नक्की आहे. झोपण्यापूर्वी दोन्ही पायांचे तळवे आणि बोटांच्या बेचक्या उजेडात पाहाव्यात. बधिर पायाला चप्पल चावलेली कळत नाही. टोळी दुबळी असेल तर जखम लवकर सापडलेलीच बरी.