बांधकामाचे वेळापत्रक : कारागिराच्या हिताची गोष्ट

'घर पाहावे बांधून' असे मराठीत म्हणतात. आम्ही दुकान बांधून पाहिले. कापडाच्या धंद्यात आमची तीस वर्षे गेली. वायदा म्हणजे काय हे आम्हाला कोणी शिकवायला नको, असा आमचा समज होता. बांधकामाने तो दूर केला.

जुन्या दुकानावर मजला चढवून रमजानच्या सीझनपूर्वी नवे दालन सुरू करायचे, असे आम्ही ठरविले. ठेकेदाराने "तीन महिन्यांत चावी हातात" अशी जबान दिली. त्या भरवशावर सुरतेहून उधारीने माल उचलला. प्रत्यक्षात ईद होऊन गेली तेव्हा दुकानात फरशी बसत होती. माल गोदामात पडून राहिला, बिलांची मुदत मात्र थांबली नाही. रागाच्या भरात आम्ही फरशीवाल्या मिस्त्रींना नको ते बोललो.

सुट्टीवर आलेला आमचा भाचा हे ऐकत होता. तो आखातातील एका बांधकाम कंपनीत प्लॅनिंग इंजिनिअर आहे. कोणते काम कशानंतर आणि किती दिवसांत व्हावे याचे वेळापत्रक करणे हीच त्याची नोकरी. तो म्हणाला, "मामू, मिस्त्रींचा कसूर नाही. तुमचे काम प्लास्टरच्या आधीच अडकले होते." कागद घेऊन त्याने सगळे मांडून दाखविले. दिवे-पंखे कोठे लावायचे हे आम्हीच पंधरा दिवस सांगितले नव्हते. ठेकेदाराने न थांबता प्लास्टर केले आणि वायरिंगच्या पाइपसाठी भिंत पुन्हा फोडली. फरशीवाले आठ दिवस हात बांधून बसले. रोज त्यांचाच बुडाला आणि बोलणीही त्यांनीच खाल्ली.

हे शास्त्र आम्हा कापडवाल्यांना अवघड नाही. सूत सायझिंगला जाते, तेथून बीम लूमवर येतो, ग्रे कापड उतरते, मग ते प्रोसेसला जाते. बीमच आला नाही तर चोवीस लूम असूनही कारखाना बंद. लेबल छापायला दोन दिवस उशीर झाला तर मात्र कोणाचे अडत नाही. बांधकामातही काही कामांना सवड असते, काहींना मुळीच नसते. एकमेकांवर अवलंबून असलेल्या कामांची जी सर्वांत लांब साखळी, तीच इमारतीची तारीख ठरविते. तिला 'क्रिटिकल पाथ' म्हणतात. १९५७ च्या सुमारास अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीच्या कामांसाठी ही पद्धत बसविली गेली. आता प्रिमाव्हेरासारख्या संगणक प्रोग्रामवर हजारो कामांची साखळी मांडता येते.

काही वेळ तर पैसे टाकूनही विकत मिळत नाही. स्लॅब ओतल्यावर साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि मिश्र सिमेंटला दहा दिवस पाणी मारावे लागते. साडेचार मीटरपेक्षा मोठा गाळा असेल तर खालचे टेकू साधारण चौदा दिवस काढू नयेत, असे भारतीय मानक सांगते. मालक घाई करतो, सेंट्रिंग लवकर खोलले जाते आणि स्लॅब कोसळतो तेव्हा खाली गरीब मजूर असतो.

मोठ्या कामांचेही चुकते. वांद्रे-वरळी सागरी सेतूचे काम २००० साली सुरू झाले. तो २००४ पर्यंत व्हायचा होता, खुला झाला जून २००९ मध्ये. खर्च ६६० कोटींच्या अंदाजावरून सुमारे १६०० कोटींवर गेला.

२०१६ च्या रेरा कायद्याने बिल्डरला प्रकल्प पूर्ण होण्याची तारीख जाहीर करावी लागते. ती चुकली तर गिऱ्हाईक व्याजासह पैसे परत मागू शकते. ही चांगलीच गोष्ट झाली. पण सेंट्रिंगवाला, प्लंबर, रंगारी, फरशीवाला यांच्या बुडालेल्या रोजाचा हिशेब त्या कायद्यात नाही. तो त्यांनी स्वतःच ठेवला पाहिजे.

म्हणून आमच्या कारागीर बंधूंना विनंती आहे. काम घेताना तोंडी तारखेवर जाऊ नका. जागा मोकळी कधी मिळणार, सामान कोण आणि कधी आणणार, काम किती दिवसांचे, हे चिठ्ठीवर लिहून घ्या. रोज संध्याकाळी वहीत एक ओळ लिहा : आज माणसे किती, काम काय, कशामुळे थांबलो. जमल्यास ठेकेदाराच्या माणसाची सही घ्या. उर्दूत लिहा, मराठीत लिहा, पण लिहा. मोठे ठेकेदार मुदतवाढ आणि भरपाई मागतात ती अशाच नोंदींच्या जोरावर.

आणि ज्यांची मुले सिव्हिलचा डिप्लोमा करीत आहेत, त्यांनी या कामाकडे जरूर पाहावे. बापाबरोबर साइटवर गेलेल्या मुलाला एका खोलीच्या प्लास्टरला किती दिवस लागतात हे ठाऊक असते. संगणक त्याला शिकता येईल. मात्र साठ टक्के झालेले काम ऐंशी टक्के लिहा, असा दबाव या माणसावर येतो, असे भाचा सांगतो. तेथे खरे लिहिण्याची हिंमत हवी. तारीख वेळेवर कळली असती तर आम्ही सुरतेचा माल उचललाच नसता.

त्या फरशीवाल्या मिस्त्रींच्या घरी जाऊन आम्ही माफी मागितली आणि आठ दिवसांचा रोज त्यांच्या हातावर ठेवला. आता गोदाम बांधायचे आहे. या वेळी नकाशाबरोबर तारखांचा कागदही आधी तयार होईल, आणि तो करताना मिस्त्रींना शेजारी बसवू.