लाल पेन्सिलीचा अन्याय

विद्यार्थ्यांच्या भित्तिपत्रकात मतप्रदर्शनाला जागा असावी की नसावी, या प्रश्नाचा निकाल आमच्या भागातल्या एका बक्षीस-समारंभात एका परीक्षक महाशयांनी परस्पर लावून टाकला. "मुलांनी वादग्रस्त विषयांत पडू नये," असे ते म्हणाले, आणि पहिले बक्षीस 'मोबाईल : शाप की वरदान?' या लेखाला देऊन, चहा पिऊन निघून गेले. त्या लेखात मोबाईल हा शापही आहे आणि वरदानही आहे, असे सिद्ध केले होते. आमच्या पिढीला हेच सिद्ध करावयास अवघे विज्ञान लागत असे. आता एका मोबाईलवर भागते. एवढीच काय ती प्रगती!

या महाशयांशी मला भांडावयाचे आहे. पण त्याआधी माझ्या स्वतःच्या लाल पेन्सिलीचा गुन्हा कबूल करतो, कारण तो त्यांच्याहून लहान नाही.

मी राहतो मुरबे गावात. खाडीपलीकडे सातपाटी. गावात बंदर होऊ घातले आहे आणि २०२५ साली त्याची जनसुनावणी झाली, त्या दिवसांत घराघरांत दुसरा विषय नव्हता. तशात वरच्या अंगाला वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी होऊन गेलेली. मग मुलांनी लिहावे तरी कशावर? आमच्या भित्तिपत्रकासाठी दोन लेख आले. एक कोळीवाड्यातल्या मुलीचा, बंदराच्या विरुद्ध. दुसरा बोईसरच्या कारखान्यात कंत्राटी काम करणाऱ्या माणसाच्या मुलाचा, बंदराच्या बाजूने. मुलीला मी दहांपैकी नऊ गुण दिले, मुलाला पाच.

रात्री जेवण झाल्यावर दोन्ही लेख पुन्हा वाचले आणि मला माझीच लाज वाटली. मुलीच्या लेखात समुद्र ही माता होती, बंदर हा राक्षस होता आणि उद्गारचिन्हे मोजून अकरा होती. मासळीचे मात्र एकही नाव नव्हते! जिच्या घरात जाळी विणली जातात, तिच्या लेखात एक जाळे नसावे? मुलाने लिहिले होते की, तारापूरची औद्योगिक वसाहत आली तेव्हाही रोजगाराचा शब्द दिला होता, पण माझे वडील अजून कंत्राटीच आहेत. म्हणून स्थानिकांना कायम नोकरी लेखी मिळणार असेल तरच माझा बंदराला पाठिंबा आहे. मासेमारीचे नुकसान होईल, हेही त्याने कबूल केले होते. हा विचार होता. पहिला नुसता आवाज होता. पण तो आवाज माझ्या बाजूचा होता, कारण मलाही बंदर नको आहे. मी गुण लेखाला दिले नव्हते, स्वतःलाच दिले होते.

त्या मुलीच्या बाजूने दारूगोळा का थोडा होता? सरंगा, म्हणजे आपले पापलेट, २०२३ साली महाराष्ट्राचा राज्यमासा ठरला. अणुऊर्जा केंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. ती माणसे आज कशी राहतात, हे तिला एस.टी.ने जाऊन विचारता आले असते. कारखान्यांच्या सांडपाण्याविरुद्ध मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली, हे तर तिच्या घरात रोज बोलले जात असणार. यातले काही न लिहिता नऊ गुण मिळतात, हे तिला कोणी शिकवले? मी!

कळकळ खरी असली म्हणजे पुरावाही आपोआप खरा होतो, हा भ्रम थोरांनाही भोवला आहे. १८८२ साली कोल्हापूरच्या छत्रपतींचा छळ होतो आहे, म्हणून टिळक-आगरकरांनी रान उठवले. त्यांची कळकळ अस्सल होती. पण ज्या पत्रांवर विसंबून कारभारी बर्व्यांवर आरोप छापले, ती पत्रे बनावट निघाली. माफी मागूनही दोघांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. दोघेही तेव्हा पंचविशी नुकतीच ओलांडलेले शिक्षक होते. मला वाटते, प्रत्येक मराठी शाळेत ही गोष्ट देशभक्तीच्या तासाला नव्हे, तर निबंधाच्या तासाला सांगावी.

"पण मुले लहान आहेत हो!" असे आमचे परीक्षक म्हणतील. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली 'दर्पण' काढला, तेव्हा ते विशीत होते. आणि इतके लांब कशाला जावे? १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरला गोळीबारात जे पाच जण हुतात्मा झाले, त्यांत आमच्या मुरब्याचे रामचंद्र महादेव चुरी होते. दर वर्षी त्या दिवशी आपण याच मुलांना रांगेत उभे करून फुले वाहावयास लावतो, आणि शाळेत परत आल्यावर सांगतो की, बाळांनो, वादग्रस्त विषयांत पडू नका!

मास्तरांची भीती खोटी आहे, असे मी म्हणत नाही. अनुदान असते, संस्थाचालक असतात, हातात वही घेऊन दारात उभा राहणारा पालक असतो. त्याला उत्तर देता यावे म्हणून तरी आपली तपासणी स्वच्छ हवी. माझ्यासारखे मत लिहिले म्हणून गुण चढले नाहीत, उलट लिहिले म्हणून उतरले नाहीत, हे त्याला दाखवता आले पाहिजे. मी आता लेख हाती घेतला की आधी विचारतो, हे तुला कसे कळले? मग विचारतो, समोरचा यावर काय म्हणेल, ते त्याला पटेल अशा शब्दांत सांग पाहू. निम्मी मुले इथेच अडतात. शुद्धलेखन मी शेवटी पाहतो. पाहतो मात्र जरूर, ऱ्हस्व-दीर्घाला माफी नाही.

दोघांचेही गुण मी खोडले आणि दोघांना का खोडले ते सांगितले. मुलगी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी नवा लेख घेऊन आली. मत तेच, बंदर नको. पण आता आजीच्या टोपलीत पूर्वी काय काय असे आणि आज काय असते, ते एकेका मासळीच्या नावानिशी आले होते. लेख फळ्यावर लागला. दुपारच्या सुट्टीत त्या मुलाने त्याच्या समासात पेन्सिलीने लिहिले, "मासळी कमी झाली ती सांडपाण्याने, बंदर तर अजून झालेच नाही. मग दोष बंदराला कसा?"

तिचे उत्तर पुढच्या अंकात यावयाचे आहे.