टळलेले कोडे

१९८७ साली महाराष्ट्र शासनाने डॉ. आंबेडकरांच्या इंग्रजी लेखनाचा चौथा खंड, ‘रिडल्स इन हिंदुइझम’, प्रसिद्ध केला आणि त्यातील राम-कृष्णविषयक परिशिष्टावरून वादळ उठले. परिशिष्ट वगळा, ही मागणी झाली. त्यातील विधाने असत्य आहेत हे दाखविण्याची तसदी क्वचितच घेतली गेली. वस्तुतः बाबासाहेबांचा आधार वाल्मीकिरामायणाचाच होता, आणि त्याची बडोद्याची चिकित्सक आवृत्ती १९७५ मध्येच पूर्ण झालेली होती. शंबूकवध ज्यात येतो ते उत्तरकांडच उत्तरकालीन होय, असा खंडनाचा रास्त मार्गही खुला होता. तो चोखाळला गेला नाही. कारण त्या वाटेने जावे तर लव-कुशांची जन्मकथाही प्रक्षिप्त ठरते. (म्हणजे तोही निष्कर्ष गैरसोयीचाच!) एखादे मत स्वीकारल्याने काय कोसळेल, ही धास्ती म्हणजे त्या मताचे खंडन नव्हे. अखेरीस, शासन या मतांशी सहमत नाही अशी टीप घालून तडजोड झाली, आणि आमच्या समीक्षेने त्या टिपेलाच उत्तर मानले. खंडाची बाजू घेणारे आम्ही तरी कुठे निराळे होतो? संदर्भ श्लोकाश्लोकाने पडताळण्याचे आम्हीही टाळले. एखादा निसटता निघाला तर, हे भय आमच्याही मनात होते.